शिकेकाई, साबण आणि लिंबू

मंडळी, मी आळशी माणूस. अंगाच्याच साबणाने डोकं धुतो. त्यात आमच्या हिंजवडीच्या सोसायटीत पाणी टँकरचं, म्हणजे बोअरचं. केसांचा पार काथ्या झाला होता. आईला फोन केला तर म्हणाली, "अरे, शेवटच्या तांब्यात अर्धं लिंबू पिळ." पिळलं, आणि चक्क फरक पडला! मग डोक्यात किडा वळवळला, हे होतं कसं?

आपल्या दख्खनच्या काळ्या खडकातलं बोअरचं पाणी बहुतेक जड. त्यातलं कॅल्शियम आणि साबण एकत्र आले की चिकट साका होतो आणि केसांवर बसतो. शिवाय साबण अल्कधर्मी, त्याने केसांचे बारीक खवले उघडतात. लिंबातल्या सायट्रिक आम्लाने साका सुटतो, खवले मिटतात. (रस पातळ करूनच घ्या, नाहीतर टाळू चुरचुरते.) शीले या स्वीडिश रसायनशास्त्रज्ञाने १७८४ साली हे आम्ल लिंबाच्या रसातून वेगळं काढलं. आज ते बहुतेक शांपूंत असतं, पण कारखान्यात बुरशीपासून बनवलेलं!

आता आजीचा आजीबाईचा बटवा असणारच, म्हणून तिला विचारलं. ती मुळशी खोऱ्यातली. म्हणाली, "रस कशाला? लिंबाची वाळलेली साल शिकेकाईत कुटायचो, वासापुरती."

इथे ट्यूब पेटली. शिकेकाईचा फेस सॅपोनिनचा, त्याचा साका होत नाही. ती स्वतःच जराशी आंबट. आणि मुळशीचं पावसाचं, झऱ्याचं पाणी मऊ. लिंबू पिळायची गरजच नव्हती! सनलाइट साबण भारतात आला १८८८ साली. माझा आपला अंदाज, आईचं लिंबू हा साबणावरचा उतारा आहे.

आणि ते मऊ पाणी? मुळशीच्या धरणाविरुद्ध १९२१ साली सेनापती बापटांच्या नेतृत्वाखाली शेतकऱ्यांनी सत्याग्रह केला. तरी धरण झालं, गावं बुडाली. त्या तलावाचं पाणी घाटाखाली भिऱ्याला जाऊन वीज करतं. हिंजवडीही मुळशी तालुक्यातच, आणि आम्ही टँकरची वाट बघतो.

असो. लिंबू आणायला हवं.