आडव्या माणसासाठी बांधलेली मोटार

जुनी ॲम्ब्युलन्स संग्राहकांसमोर विक्रीला आली की आधी बॉनेट उघडलं जातं. इंजिन मूळचंच आहे का, चासी नंबर जुळतो का, पत्रा कुठे सडलाय, ही चौकशी रीतसरच आहे. पण ॲम्बॅसेडर, जीप किंवा मॅटाडोरवर बांधलेल्या ॲम्ब्युलन्समध्ये बघण्यासारखी मुख्य गोष्ट मागच्या दाराआड असते. आत शिरून ताठ उभं राहून बघावं. राहता येत नाही. डोकं टपाला लागतं. ही गाडी आडव्या माणसाच्या मापाने बांधलेली आहे. त्याच्यावर उपचार करणाऱ्या उभ्या माणसाची जागा तिच्यात धरलेलीच नाही. रुग्णाला उचलायचं आणि दवाखान्यात पोचवायचं, एवढंच ॲम्ब्युलन्सचं काम मानलं जात होतं, त्या काळाचा हा पत्र्यातला पुरावा आहे. माझ्या दृष्टीने तिची खरी किंमत तिथे आहे, इंजिनात नाही.

ॲम्ब्युलन्सच्या वंशावळीचा मागोवा नाशिकच्या सातपुरातून घ्यावासा वाटतो, कारण तिच्यातली बरीच लोखंडी नाती त्र्यंबक रस्त्यावरच्या या औद्योगिक वसाहतीत येऊन मिळतात. मायकोच्या, म्हणजे आजच्या बॉशच्या, इथल्या कारखान्यात डिझेल इंजिनांची नोझल आणि इंजेक्टर बनत आले. महिंद्राच्या इथल्या कारखान्यातून २००० सालापासून बोलेरो बाहेर पडू लागली आणि तिच्यावर बांधलेल्या ॲम्ब्युलन्स जिल्हाभर पोचल्या. कारखाना कायद्याने ५००हून जास्त कामगार असलेल्या प्रत्येक कारखान्यावर ॲम्ब्युलन्स रूमची सक्ती केली. भोपाळच्या दुर्घटनेनंतर धोकादायक प्रक्रियांच्या कारखान्यांसाठी नियम आणखी कडक झाले. गेटजवळच्या शेडमध्ये उभी असलेली पांढरी गाडी हे सातपूरच्या कामगाराच्या ओळखीचं दृश्य आहे.

पण चाकांच्या आधी पाठ होती. १८९७ साली पुण्यात प्लेग पसरला तेव्हा सावित्रीबाई फुल्यांनी मुंढव्याच्या पांडुरंग बाबाजी गायकवाड यांच्या आजारी मुलाला पाठीवर घेऊन आपला मुलगा डॉ. यशवंत याच्या हडपसरजवळच्या दवाखान्यात आणलं. त्यातच त्यांना प्लेगची लागण झाली आणि १० मार्चला त्या गेल्या. आपल्याकडच्या रुग्णवाहतुकीचा इतिहास लिहायचा तर त्याचं पहिलं पान हेच. सुरगाणा, पेठ या नाशिकच्याच तालुक्यांत रस्ता नसलेल्या पाड्यांवरून बाळंतिणीला झोळीत घालून, बांबू खांद्यावर घेऊन आणण्याची वेळ आजही येते. म्हणजे या वंशावळीतली सगळ्यात जुनी पिढी अजून कामावर आहे.

गाडीचा धडा युद्धाने शिकवला. नेपोलियनचा सर्जन डोमिनिक लारे याने १७९०च्या दशकात जखमींसाठी हलक्या, स्प्रिंगवर झुलणाऱ्या घोडागाड्या केल्या. सव्वाशे वर्षांनी मेसोपोटेमियात तो धडा विसरला गेला. नोव्हेंबर १९१५ मध्ये टेसिफॉनच्या लढाईत सहाव्या पूना डिव्हिजनचे जखमी जवान खेचरांच्या सामानगाड्यांत घालून नदीकाठापर्यंत आणले गेले. या डिव्हिजनमध्ये मराठा पलटणीही होत्या. त्या गाड्यांना स्प्रिंगा नव्हत्या. मोडलेल्या हाडांना प्रत्येक खड्डा कसा लागला असेल! त्या हालांवर पुढे ब्रिटिश संसदेने नेमलेल्या आयोगाने कठोर ताशेरे ओढले. जुनी ॲम्ब्युलन्स घेणाऱ्याने मागच्या चाकांचे पाटे जरूर बघावेत. मालवाहू गाडीचे जाड पाटे तसेच ठेवले होते की एखाद-दुसरं पान कमी करून ते नरम केले होते, यावरून बांधणाऱ्याच्या मनात रुग्ण होता की नाही हे कळतं.

दुसऱ्या महायुद्धात ब्रह्मदेशच्या आघाडीवर जीपवर लोखंडी चौकट बसवून स्ट्रेचर नेली जात. युद्ध संपल्यावर काही वर्षांतच तीच विलीज जीप महिंद्रांनी मुंबईत जोडायला घेतली. पुढे प्राथमिक आरोग्य केंद्रं उभी राहिली आणि ‘दवाखान्याची जीप’ गावात येऊ लागली. लसी आणणारी, कुटुंबनियोजनाचा लाल त्रिकोण मिरवणारी ती जीपच अडल्या वेळी ॲम्ब्युलन्स होई. दोन समोरासमोरचे बाक, त्यातल्या एकावर रुग्ण, दुसऱ्यावर सलाईनची बाटली उंच धरून बसलेला नातेवाईक. बाटलीसाठी टपाला हूक नसे, म्हणून तो हात पार जिल्हा रुग्णालयापर्यंत वर राही.

जगभरच्या संग्राहकांना मात्र ॲम्ब्युलन्स म्हटलं की लांबलचक कॅडिलॅक आठवते. १९५९ची मिलर-मीटिअर बॉडीची कॅडिलॅक ‘घोस्टबस्टर्स’ या १९८४च्या चित्रपटाने घरोघरी पोचवली. या गाड्या दिसायला देखण्या, पण अनेकदा एकच गाडी रुग्ण नेई आणि शवही नेई. १९६६च्या एका राष्ट्रीय अहवालानुसार अमेरिकेतली सुमारे निम्मी ॲम्ब्युलन्ससेवा अंत्यविधीचा व्यवसाय करणारे १२,००० जण चालवत होते, कारण माणूस आडवा मावेल अशी लांब गाडी त्यांच्याकडेच होती. १९६७ साली पिट्सबर्गमध्ये डॉ. पीटर सेफर यांच्या मार्गदर्शनाखाली ‘फ्रीडम हाऊस’ ही सेवा सुरू झाली. कृष्णवर्णीय वस्तीतल्या बेरोजगार तरुणांना प्रशिक्षण देऊन तिने उपचार वाटेतच सुरू केले. उपचार करायचा तर रुग्णाच्या डोक्याशी बसायला आणि वाकून छाती दाबायला जागा लागते. टप उंच झाला तो या गरजेतून. १९७४च्या अमेरिकी मानकानंतर मोटारीवरची ॲम्ब्युलन्स तिकडे मागे पडत गेली.

आपल्याकडे हे स्थित्यंतर मॅटाडोरपासून सुरू झालं. जर्मन घराण्यातली ही गाडी बजाज टेम्पोने आणली, पुढे त्याच कंपनीची ट्रॅव्हलर आली आणि मधल्या काळात गल्लीबोळांत मारुती ओम्नीने जीव वाचवले. २६ जानेवारी २०१४ रोजी महाराष्ट्रात १०८ सेवा सुरू झाली. तिच्या ताफ्यात ९३७ गाड्या आल्या, आणि त्यांत डॉक्टर होता. आता राष्ट्रीय मानकात ॲम्ब्युलन्सचे चार प्रकार आहेत. त्यांतला एक फक्त रुग्णाच्या ने-आणीचा आहे. मोटारीच्या घराण्याला त्यातच आसरा मिळतो, आणि डोंगरातल्या अरुंद रस्त्यावर सातपूरची बोलेरो तो आसरा सार्थ करते.

संग्राहकांसाठी २०२१चा केंद्राचा नियम आहे. ५० वर्षांहून जुनं आणि मूळ रूपात राखलेलं वाहन ‘व्हीए’ मालिकेत नोंदवता येतं. नव्या नोंदणीचं शुल्क २०,००० रुपये, मुदत १० वर्षं, आणि रोजच्या किंवा धंद्याच्या वापराला मनाई. दुसरीकडे १ एप्रिल २०२३ पासून १५ वर्षांवरच्या सरकारी वाहनांची नोंदणी रद्द होऊन ती भंगारात जातात. हे दोन आकडे शेजारी ठेवले की चित्र स्पष्ट होतं. निर्लेखन झालेली आरोग्य केंद्राची जीप पन्नाशी गाठूच शकत नाही. हजारो खेड्यांना ज्या गाडीने वाचवलं, तिचा नमुना सरकारी मार्गाने वाचणार नाही. उरतील त्या ट्रस्टच्या, मिशन दवाखान्यांच्या आणि कारखान्यांच्या गाड्या. नाशिकमध्ये त्यांतली एक तरी जतन व्हावी, आणि ती सातपूरच्या कारखानदारांनी करावी, असं मला मनापासून वाटतं. पत्रा ठोकणारे डेंटर, पाटे बसवणारे मिस्त्री, नोझल तपासणारे कारागीर, सगळे इथे हाकेच्या अंतरावर आहेत.

अशी गाडी घेणाऱ्याने काही पथ्यं पाळावीत. आरसी बुकात बॉडीच्या रकान्यात ‘ॲम्ब्युलन्स’ अशी नोंद असेल तर ते बुक सोन्यासारखं जपावं. मूळ रूप सिद्ध करायला त्याच्याइतका आधार नाही. स्ट्रेचरचे रूळ, त्यांची खिटी, चालकामागची सरकती काच, अर्धी पांढरी रंगवलेली तावदानं यांतलं काहीही ‘आतून नीट करून देतो’ म्हणणाऱ्याच्या हाती देऊ नये. नव्या रेक्झिनची मऊ आसनं बसली की ती निव्वळ जुनी मोटार उरते. दारावरचा लाल क्रॉस मात्र मनाने पुन्हा रंगवू नये. १९६०च्या जिनिव्हा करार कायद्याने ते चिन्ह परवानगीशिवाय वापरता येत नाही. फिकट झालेला मूळ रंग असेल तर आधी फोटो काढावेत आणि मग रेडक्रॉसच्या जिल्हा शाखेला विचारावं. गाडीबरोबर लॉगबुक मिळालं तर तेही घ्यावं. कुठून कुठे, किती वाजता निघाली, किती किलोमीटर, हे सगळं त्यात असतं. रुग्णांची नावं झाकून उरलेले रकाने अभ्यासकांसाठी खुले ठेवावेत. त्या नोंदींवरून नाशिकच्या कोणत्या रस्त्याने दवाखाना किती लांब होता, याचा नकाशा काढता येईल.