मॅंगनीजची माती, गॅडोलिनियमचं इंजेक्शन

बपेऱ्याच्या माणसाला मॅंगनीज म्हणजे काय ते सांगावं लागत नाही. चिखला आणि डोंगरी बुजुर्ग या खाणी आपल्याच तुमसर तालुक्यातल्या. तिथलं मॅंगनीज पोलादात जातं, टॉर्चच्या सेलमध्ये जातं. पण एमआरआयच्या इतिहासातही या धातूचं नाव अगदी सुरुवातीला येतं, हे फारसं कुणी सांगत नाही.

पॉल लॉटरबर यांनी १९७३ साली एमआरआयच्या तत्त्वावरचं पहिलं चित्र छापलं. पुढे १९७८ मध्ये त्यांनी आणि सहकाऱ्यांनी कुत्र्यांना मॅंगनीजचा क्षार टोचून पाहिला. हृदयाचा निरोगी भाग आणि रक्त न पोचलेला भाग वेगळे ओळखू आले. कारण असं, की मॅंगनीजच्या आयनात जोडी नसलेले पाच इलेक्ट्रॉन असतात. ते छोट्या चुंबकासारखे वागतात, आणि आजूबाजूच्या पाण्याचा संदेश चित्रात उजळ होतो.

मग गॅडोलिनियम पुढे आलं. त्याच्या आयनात असे सात इलेक्ट्रॉन. १८८० साली मारिन्याक यांना सापडलेलं हे मूलद्रव्य लॅन्थनाइड घराण्यातलं, म्हणजे शाळेतल्या आवर्तसारणीत तळाशी वेगळी काढलेली जी ओळ आपण सगळेच सोडून द्यायचो ना, त्यातलं! मोकळं गॅडोलिनियम विषारी, म्हणून ते एका रेणूच्या पिंजऱ्यात कोंडून टोचतात. असं पहिलं औषध अमेरिकेत १९८८ साली मंजूर झालं.

मध्यंतरी काकूने फोनवर विचारलं, "डोक्याच्या एमआरआयला किडनीची तपासणी कशाला रे?" प्रश्न रास्त आहे, आणि त्याचं उत्तर इतिहासात आहे. पिंजऱ्यासकट गॅडोलिनियम बाहेर टाकायचं काम मुख्यतः किडनीचं. ती थकलेली असेल तर औषध अंगात रेंगाळतं, पिंजरा सुटू शकतो. २००६ साली डॉक्टरांच्या लक्षात आलं, की किडनी निकामी झालेल्या काही रुग्णांची कातडी घट्ट आणि सांधे ताठ होण्यामागे हेच औषध आहे. २०१७ मध्ये युरोपने सैल पिंजऱ्याच्या बऱ्याच औषधांचा वापर थांबवला.

आता याच घराण्यातला दुसरा भाऊ, युरोपियम. १९८२ च्या एशियाडच्या वेळी आपल्याकडे रंगीत टीव्ही आले. त्या जुन्या पिक्चर ट्यूबमधला लाल रंग युरोपियमचा! त्याचा प्रकाश ठरावीक रंगाचा, त्यामुळे तो लावलेली पेशी सूक्ष्मदर्शकाखाली चटकन सापडते. एमआरआय खोलवर पाहतो, पण मोजक्या पेशी त्याच्या नजरेतून सुटतात. प्रकाशाला त्या दिसतात, पण तो मांसातून फार वर येत नाही. मग दोघांना एकाच कणात का बसवू नये?

तसे नॅनोकण झाले. गॅडोलिनियमच्या फ्लुओराइडमध्ये यटर्बियम आणि एर्बियम मिसळलं, की अवरक्त प्रकाश पडताच कण दिसणाऱ्या रंगात चमकतो, आणि एमआरआयमध्येही दिसतो. अवरक्त प्रकाश शरीरात थोडा अधिक खोल जातो, हा त्याचा फायदा. आपल्या ट्रॉम्बेच्या भाभा अणुसंशोधन केंद्रातही जवळचं काम झालं. तिथल्या संशोधकांनी चुंबकीय लोह ऑक्साइड आणि युरोपियम घातलेलं यट्रियम फॉस्फेट एकत्र करून २०१३ साली त्यावर निबंध छापला. असा कण चमकतो, आणि बदलत्या चुंबकीय क्षेत्रात तापतोही. त्या उष्णतेने कॅन्सरच्या पेशी मारता येतील, हा विचार.

मात्र हे दुहेरी कण अजून मुख्यतः प्रयोगशाळेतच आहेत, आणि अडलंय ते काकूच्याच प्रश्नापाशी. साधारण सहा नॅनोमीटरपेक्षा मोठा कण किडनीतून सहसा गाळला जात नाही, तो यकृतात आणि प्लीहेत साठतो. चित्र कितीही सुंदर आलं तरी धातू अंगातून बाहेर कसा पडणार, हे सांगता आलं पाहिजे.

तोवर घरात कुणाला इंजेक्शनसह एमआरआय सांगितला, तर किडनीचा जुना त्रास डॉक्टरांना आधी सांगा. लाजू नका.