भाजणे: रोडगा, नानकटाई आणि कुकरातला केक

मराठीतले 'भाजणे' हे क्रियापद मोठ्या पोटाचे आहे. भाकरी तव्यावर भाजतात, वांगे निखाऱ्यावर भाजतात, शेंगदाणे कढईत भाजतात, विटा भट्टीत आणि मडकी आव्यात भाजतात. इंग्रजीला ज्या कामासाठी तीनचार क्रियापदे लागतात ते सारे हे एकच क्रियापद निमूटपणे करत आले आहे. मात्र घरी केक करण्याची वेळ आली की आपण 'बेक करतो' असे म्हणतो. केक 'भाजला' असे कोणी म्हणत नाही. या संकोचामागे एक समजूत दडलेली आहे. ओव्हन, केक, बिस्किटे हा सारा प्रकार परका आहे, आधी शहरात आला आणि तिथून उशिरा खेड्यात झिरपला, अशी ती समजूत. परभणी जिल्ह्यातल्या पूर्णा तालुक्यात ताडकळस नावाचे गाव आहे. अशा गावाकडे तोंड करून हा इतिहास वाचला तर ही समजूत अर्धीच खरी ठरते, असे आम्हांला वाटते. उरलेल्या अर्ध्याविषयी हा लेख आहे.

प्रथम धान्याचा विचार करू. हा काळ्या मातीचा, ज्वारीचा मुलूख. ज्वारीच्या पिठात गव्हासारखा चिकटपणा नसतो. भिजवलेल्या गव्हाच्या पिठात जी ताणली जाणारी जाळी तयार होते, आणि जिच्यात वायू अडकून पाव फुगतो, ती ज्वारीत तयारच होत नाही. भाकरी फुगते ती वाफेने, आणि तीही क्षणभर. म्हणून ज्वारीच्या प्रदेशात बंद भट्टी घरोघरी असण्याचे कारणच नव्हते. तवा आणि चुलीतला निखारा एवढ्यावर भागत होते. शिवाय गहू हे सणाचे धान्य. भाकरी रोजची, पोळी सणाची, असा हिशेब अनेक पिढ्या चालला. अमेरिकेतून येणारा गहू १९५० आणि ६०च्या दशकांत रेशनच्या दुकानांवर आला, पण १९७२च्या दुष्काळात मराठवाड्यातल्या गरिबाच्या ताटात पडली ती परदेशी लाल ज्वारी, म्हणजे मिलो. मैद्याचा केक ज्या ताटात यायचा होता ते ताट असे होते, हे विसरून चालणार नाही.

तरीही सणाच्या या गव्हाला भाजण्याची एक रीत इथे फार पूर्वीपासून होती. ती म्हणजे रोडगा. जाडसर दळलेली कणीक मोहन घालून घट्ट मळायची, तिचे थर देऊन गोळे करायचे, गोवऱ्यांचा ढीग पेटवून त्याचे निखारे होऊ द्यायचे आणि त्या आरात हे गोळे पुरायचे. वरून कवच काळपट होते, आतले पीठ स्वतःच्याच वाफेत शिजते. मग राख झटकून, रोडगा फोडून, वर तूप सोडून वरणाबरोबर आणि वांग्याच्या भाजीबरोबर खायचा. चहूबाजूंनी सारखी आच, मधे अडकलेली वाफ, वरचे खरपूस कवच. भट्टी जे करते तेच इथे राखेचे पांघरूण करते. रोडग्याला भांडे लागत नाही, तवा लागत नाही, छप्परही लागत नाही. म्हणूनच तो शेतातल्या, देवळापुढच्या, जत्रेतल्या पंगतीचा पदार्थ झाला आणि पुष्कळदा पुरुषांच्या हातचा झाला.

रोडग्याचे वय किती, हे सांगणारा एक भक्कम पुरावा मराठी साहित्यात आहे. सोळाव्या शतकातल्या पैठणच्या एकनाथांच्या एका प्रसिद्ध भारुडात सासुरवाशीण भवानीला रोडग्याचा नवस बोलते. नवस विनोदी आहे, मागण्या त्याहून विनोदी आहेत. पण लोकांना सहज कळावा म्हणून निवडलेला पदार्थ घरोघरी माहीत असणारच. आमच्या दृष्टीने महत्त्वाची गोष्ट निराळी आहे. रोडगा तिथे देवीला वाहायचा आहे आणि नवस बोलणारी एक गांजलेली सून आहे. सणासुदीचे भाजणे आणि घरातल्या बाईची इच्छा यांचे नाते तिथे पहिल्यांदा दिसते. या नात्याकडे आपण पुन्हा येऊ.

बंद भट्टीही मराठवाड्याला अनोळखी नव्हती. मुहंमद तुघलकाने १३२७ मध्ये राजधानी दौलताबादेस हलवली. औरंगाबाद परिसरातल्या नान-कलियाची परंपरा त्याच्या लष्कराशी जोडली जाते. ती कथा बाजूला ठेवली तरी मराठवाड्यात नान भाजणाऱ्या तंदूरभट्ट्या होत्या आणि आहेत, हे खरेच. म्हणजे फुगलेली, भट्टीत भाजलेली गव्हाची रोटी काही कोसांवर होती. अंतर होते ते रस्त्याचे नसून पंक्तीचे होते. 'पाव' हा शब्द पोर्तुगिजांबरोबर आला आणि त्याच्याबरोबर बाटण्याची भीतीही आली. ही भीती किती खरी होती याचे उत्तम उदाहरण पुण्यात मिळते. १८९०च्या ऑक्टोबरात तिथल्या पंचहौद मिशनमध्ये व्याख्यानानंतर चहा-बिस्किटे देण्यात आली. उपस्थितांत रानडे, टिळक आणि गोखले होते. गोपाळराव जोशी यांनी उपस्थितांची नावे वृत्तपत्रातून जाहीर केली. प्रकरण शंकराचार्यांपर्यंत गेले, चौकशी बसली, आणि १८९२ मध्ये रानड्यांनी प्रायश्चित्त घेतले. एवढे सगळे एका कपाने आणि एका बिस्किटाने घडवले. दिल्लीत १८९८ मध्ये 'हिंदू बिस्किट कंपनी' या नावाने कारखाना निघाला, त्यामागचे व्यापारी गणित यावरून सहज उमगावे.

अशा समाजात बिस्किट घरात शिरले कसे? आमच्या मते याचे उत्तर कोणत्याही सुधारकाच्या भाषणात सापडणार नाही. ते तालुक्याच्या गावातल्या बेकरीच्या दारात सापडेल. विसाव्या शतकाच्या आरंभी मनमाडहून सिकंदराबादकडे जाणारी हैदराबाद-गोदावरी व्हॅली रेल्वे या भागातून धावू लागली आणि पूर्णा हे जंक्शन झाले. स्टेशन आले की चहा येतो, चहामागून पाव, खारी आणि टोस्ट येतात. बेकरीची भट्टी विटांची, घुमटीसारखी. आत लाकडे जाळून विटा तापवायच्या, राख ओढून काढायची, आणि साठवलेल्या उष्णतेवर माल भाजायचा. पहिल्या कडक आचेवर पाव, आच उतरली की बिस्किटे आणि नानकटाई, आणि शेवटच्या कोमट उष्णतेवर पावाचे काप रात्रभर वाळवून टोस्ट. 'बिस्किट' या शब्दाचा मूळ अर्थच 'दोनदा भाजलेले' असा आहे. त्या न्यायाने चहाच्या टपरीवरच्या बरणीतला टोस्ट हेच खरे बिस्किट. मुद्दा असा की पाव निघून गेल्यावर भट्टीत जी उष्णता उरे ती वाया जाण्यासारखी होती. तिच्यावर एक सुंदर सामाजिक व्यवहार उभा राहिला.

तो व्यवहार महाराष्ट्रभर अनेक वाचकांनी पाहिला असेल. दिवाळीच्या आधी किंवा उन्हाळ्याच्या सुटीत घरून रवा, मैदा किंवा कणीक, पिठीसाखर आणि तूप घेऊन बेकरीत जायचे. बेकरीवाल्याने ते मळून, साच्याने कापून, पत्र्यांवर लावून भाजून द्यायचे. किलोमागे मजुरी घ्यायची. आणि पत्र्याचा मोठा डबा भरून नानकटाई घरी आणायची. मराठवाड्यात अशी भट्टी चालवणारे हात पुष्कळदा मुसलमान कारागिरांचे. या व्यवहारातली तडजोड पाहण्यासारखी आहे. पीठ आपले, तूप आपले, डबा आपला. आच तेवढी दुसऱ्याची. अंडे पडले नाही याची खात्री डोळ्यांदेखत झाली, आणि स्पर्शाचा प्रश्न कोणी काढला नाही. पुण्यात ज्यासाठी प्रायश्चित्त घ्यावे लागले तेच पुढे एका डब्याच्या मजुरीत मिटले. याला क्रांती म्हणण्याचा मोह आम्ही टाळतो, कारण भट्टीवाल्याला त्याच घराच्या पंगतीत पाट मिळत होता असे म्हणता येणार नाही. पण दिवाळीच्या फराळात, चकली-करंजीच्या शेजारी, दुसऱ्या धर्माच्या माणसाने मळलेली आणि भाजलेली नानकटाई मानाने बसली, ही गोष्ट लहान नाही.

सणाच्या कारागिरीचा विचारही इथेच केला पाहिजे, कारण खाणे आणि सजावट या दोन गोष्टी आपल्याकडे वेगळ्या नव्हत्या. मराठवाड्यात महालक्ष्म्यांसमोर फुलोरा बांधतात. करंज्या, साटोऱ्या, आणि पिठाच्याच वळलेल्या वेणी, फणी, आरसा अशा वस्तू तळून देवीच्या डोक्यावर टांगायच्या. तो शृंगारही असतो आणि नंतर प्रसादही. संक्रांतीला हलव्याचे दागिने, पाडव्याला साखरेच्या गाठी, पोळ्याला मातीचे बैल, दिवाळीत अंगणात शेणाच्या गवळणी. घरात जे आहे त्यातून, जवळजवळ फुकट, आणि काम संपले की पोटात किंवा मातीत परत जाणारे. महाराष्ट्रात २०१८ मध्ये थर्माकोलच्या सजावटीवर बंदी आली तेव्हा पर्यायांची बरीच चर्चा झाली. हा जुना पर्याय त्या चर्चेत क्वचितच आठवला गेला.

मात्र या सगळ्या कौशल्याचा धनी कोण, हा प्रश्न उरतोच. फुलोरा देवीचा, पुरण पितरांचे आणि पाहुण्यांचे, रोडगा नवसाचा. करणारी बाई; तिच्या स्वतःच्या किंवा तिच्या मुलीच्या नावाने एखादा पदार्थ चुलीवर चढला, असे जवळजवळ नाहीच. कुकरातल्या केकाचे महत्त्व आम्हांला इथे दिसते.

प्रेशर कुकर भारतीय कारखान्यांतून १९५९च्या सुमारास बाहेर पडू लागला. डाळ-भात लवकर शिजावा म्हणून तो घरात आला. पण तळाशी वाळू किंवा मीठ पसरून, शिटी आणि रबरी कडे काढून मंद आचेवर ठेवला की तो कोरडी उष्णता धरून ठेवतो, म्हणजे छोटी भट्टीच होतो. १९३७ मध्ये बाजारात आलेल्या डालड्याने तुपाचा खर्च आधीच कमी केला होता. दही आणि खायचा सोडा यांनी अंड्याची अडचण सोडवली: दह्यातले आम्ल सोड्याला भेटते, वायू सुटतो, पीठ हलके होते. मापे वाटी-चमच्यात सांगण्याची सवय कमलाबाई ओगले यांच्या १९७०च्या 'रुचिरा'ने घरोघरी पोहोचवली होती. तराजू नको, ओव्हन नको, बेकरीपर्यंतची फेरीही नको. बाराशे वॅटचा ओव्हन विजेच्या लपंडावात ज्या गावी शोभेचा ठरला असता तिथे कुकर निमूट काम करत राहिला.

आणि हा केक कोणासाठी होता? बहुतेक वेळा लेकराच्या वाढदिवसासाठी. औक्षण पूर्वीही होते. पण तिथीने, घरच्या घरी, आणि मुलाचे अधिक कौतुकाने. केकाला मात्र तारीख लागते आणि शेजारची मुले लागतात. मेणबत्ती फुंकणे म्हणजे दिवा विझवणे, असा आक्षेप आपल्याकडे नेहमी घेतला जातो. आक्षेप घेणाऱ्यांनी एवढेच पाहावे की अनेक घरांत मुलीचे नाव पिठावर पहिल्यांदा उमटले ते याच परक्या पदार्थावर. एकनाथांच्या भारुडातल्या सुनेला आपली इच्छा नवसाच्या आडून बोलावी लागली; तिच्या नातीच्या नातीने ती साखरेच्या अक्षरांत उघड लिहिली.

याची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. रोडग्याला दहा माणसे लागत, नानकटाईला बेकरीवाला लागे. कुकरातला केक एकटी बाई करते, आणि तो बसला तर दोषही तिचाच. आच घरात आली तशी ती एकटी पडली. मार्च २०२० मध्ये टाळेबंदी लागली तेव्हा याचे विलक्षण रूप दिसले. ग्लुकोज बिस्किटे मिक्सरमध्ये दळून, दूध आणि फळक्षाराची पुडी घालून केलेला केक तेव्हा गावोगावी झाला. कारखान्याच्या भट्टीत भाजलेले बिस्किट पुन्हा पीठ होऊन घरच्या कुकरात भाजले गेले. 'दोनदा भाजलेले' हा अर्थ इतक्या शब्दशः क्वचितच खरा झाला असेल.

आता परभणीच्या कृषी विद्यापीठाकडे थोडे पाहू. १९७२ मध्ये स्थापन झालेल्या या विद्यापीठातून, २०१८ मध्ये, लोह आणि जस्त अधिक असलेले 'परभणी शक्ती' हे ज्वारीचे वाण आले. ज्वारीची बिस्किटे, ज्वारीचा केक हे शब्द २०२३च्या भरडधान्य वर्षापासून तर सर्रास ऐकू येतात. ज्या धान्यामुळे या प्रदेशाला भट्टी लागली नाही तेच धान्य आता भट्टीत जात आहे. बिस्किटाला फुगण्यापेक्षा खुसखुशीतपणा हवा असतो, म्हणून ज्वारीचा जो दोष पावात आडवा येतो तो इथे गुण ठरतो.

शेवटी एक सूचना. आपल्या छापील पाकशास्त्राचा इतिहास, १८७५च्या 'सूपशास्त्रा'पासून लक्ष्मीबाई धुरंधर यांच्या १९१०च्या 'गृहिणी-मित्रा'पर्यंत आणि पुढेही, मुख्यतः पुण्या-मुंबईचा आहे. ताडकळससारख्या गावांतला इतिहास छापला गेला नाही. तो शंभरपानी वह्यांत आहे. वर्तमानपत्रातून कापून चिकटवलेल्या कृती, समासात 'सोडा कमी घालणे' अशी टीप, मागच्या पानावर बेकरीला दिलेल्या मजुरीचा हिशेब. या वह्या कोणी साहित्य मानत नाही, म्हणून त्या घर बदलताना रद्दीत जातात. वाचकांपैकी ज्यांच्या घरी अशी वही असेल त्यांनी ती जपावी, निदान तिच्यावर नाव, गाव आणि साल लिहून ठेवावे. आणि पुढच्या वेळी कुकरात केक ठेवला की तो 'भाजायला ठेवला' असे म्हणून पाहावे. क्रियापद आपलेच आहे.