चित्रदर्शन आणि चिचोलीचा कोट

विदर्भाचा कवि भवभूति यानें ‘उत्तररामचरिता’च्या पहिल्या अंकांत चित्रदर्शन योजिलें आहे. स्वतःच्याच वनवासाचीं चित्रें पाहतां पाहतां सीता भ्याली, तेव्हां हें केवळ चित्र आहे असें सांगून रामानें तिला धीर दिला. पुढें त्याचेच डोळे भरून आले.

ज्या नागपुरांत १४ ऑक्टोबर १९५६ रोजीं धम्मदीक्षा झाली, त्याजवळील चिचोलीच्या शांतिवनांत डॉ. आंबेडकरांच्या वापरांतील वस्तु जतन केल्या आहेत. मिहानांत नोकरीस असलेल्या आमच्या चिरंजीवांसह आम्हीं तो संग्रह पाहिला. टंकयंत्रापाशीं मंडळी मुलांस कांहींबाही समजावून देत होती. कोटापुढें मात्र बोलणें थांबे. एका वृद्धेनें हात जोडले व ती बराच वेळ हलली नाहीं. हें केवळ चित्र, असें तिला कोण सांगणार?

आमची अवस्था निराळी होती. शाळेंत संस्कृत शिकण्याची इच्छा असतां अस्पृश्य म्हणून आंबेडकरांस ती नाकारण्यांत आली व फारसी घ्यावी लागली, हें सर्वश्रुत आहे. तीच भाषा शिकवून आम्हीं आयुष्यभर पोट भरलें. शोक त्या वृद्धेचा. आमच्या वांट्यास व्रीडा आली. साहित्यशास्त्रांत व्रीडा हा व्यभिचारी भाव, म्हणजे येऊन जाणारा, गणला आहे. मिहानास परत पोहोंचेपर्यंत तरी ती गेली नव्हती.