किहान्सीचा तुषार-मंडूक : एका पुनरागमनाचा इतिहास

'कूपमंडूक' हा शब्द आपल्या भाषेत निंदेचा आहे. आपल्या विहिरीबाहेरचे जग जो जाणत नाही आणि जाणून घेऊही इच्छीत नाही, त्यास आपण हे विशेषण लावतो. परंतु बेडकाच्या बाजूने पाहिले, तर ह्या निंदेत फारसा अर्थ उरत नाही. ज्याची त्वचा पाणी पिते आणि श्वासही घेते, ज्याचा देह भोवतालच्या ओलाव्यावरच तगून असतो, त्यास स्थान सोडून हिंडणे परवडणारे नाही. त्याची विहीर हेच त्याचे जगणे होय. प्रस्तुत लेखात आम्ही अशाच एका कूपमंडूकाचा इतिहास सांगणार आहोत. त्याची विहीर म्हणजे आफ्रिकेतील एका धबधब्याखालची जेमतेम दोन हेक्टर ओली भूमी. ती माणसाने कोरडी केली. माणसानेच त्या जिवाला उचलून समुद्रापार नेले, तेथे वाढविले, आणि बारा वर्षांनी परत आणून सोडले. ह्या खटाटोपात काय साधले आणि काय साधले नाही, हे समजून घेण्यासारखे आहे.

पूर्व आफ्रिकेतील टांझानिया देशाच्या दक्षिण भागात उडझुंग्वा नावाची पर्वतराजी आहे. तीतून निघणारी किहान्सी नदी एका अरुंद दरीतून वेगाने खाली उतरते. कड्यांवर आपटून फुटणाऱ्या पाण्याचे तुषार वाऱ्याबरोबर दरीत पसरत आणि धबधब्यांच्या पायथ्याशी असलेली गवताची व शेवाळाची कुरणे बारा महिने चिंब ठेवीत. सभोवार रान कोरडे पडले तरी ह्या तुकड्यांवरची झिमझिम कधी थांबत नसे. १९९६ साली शास्त्रज्ञांना ह्या कुरणांत एक चिमुकला, सोनपिवळ्या रंगाचा बेडूक आढळला. त्याची मादीसुद्धा तीन सेंटिमीटरांहून लहान. बहुतेक बेडूक पाण्यात अंडी घालतात; हा मात्र सर्व अवयवांनी पूर्ण अशा इवल्याशा पिलांना जन्म देतो. त्यास 'नेक्टोफ्रिनॉइडीस अ‍ॅस्पर्जिनिस' असे शास्त्रीय नाव मिळाले. त्यातील दुसऱ्या शब्दाचे मूळ तुषार ह्या अर्थाच्या लॅटिन शब्दात आहे. म्हणून आम्ही त्यास तुषार-मंडूक म्हणत आहोत. जगात अन्यत्र कोठेही तो सापडलेला नाही.

दुर्दैवाने ह्या बेडकाचा शोध लागला तो त्याच्या घराचा निकाल लागल्यानंतर. टांझानिया त्या काळी विजेच्या टंचाईने गांजलेला होता. किहान्सीच्या दरीत सुमारे ८५० मीटरांचा उतार लाभत असल्याने थोड्या पाण्यातही पुष्कळ वीज निघू शकत होती. जागतिक बँक आणि युरोपातील काही देश ह्यांच्या साहाय्याने तेथे १८० मेगावॅटचे जलविद्युत केंद्र उभे राहू लागले होते, आणि बांधकाम चालू असतानाच झालेल्या पाहणीत हा बेडूक दृष्टीस पडला. एका गरीब देशाने आपल्या घरांत दिवे लावण्याची इच्छा धरली ह्यात दोष काढण्याचा अधिकार निदान आम्हांस तरी नाही. पण धरणाचा हिशेब मांडताना दरीतल्या तुषारांचा हिशेब कोणी केला नव्हता, हेही तितकेच खरे. २००० सालापासून नदीचे सुमारे ९० टक्के पाणी बोगद्यातून विद्युतगृहाकडे वळले, धबधबे रोडावले आणि काही महिन्यांतच कुरणे सुकू लागली.

संकट ध्यानात येताच दोन उपाय योजण्यात आले. पहिला उपाय जागच्या जागी होता. दरीत नळ टाकून, उताराच्या जोरावर पाणी आणून, बारीक तोट्यांमधून कुरणांवर कृत्रिम तुषार उडविण्याची व्यवस्था २००१ च्या आरंभी सुरू झाली. दुसरा उपाय दूरचा होता. २००० सालच्या अखेरीस ४९९ बेडूक दरीतून गोळा करून विमानाने अमेरिकेत न्यूयॉर्क येथील ब्रॉन्क्स प्राणिसंग्रहालयात नेण्यात आले आणि तेथून इतरही काही प्राणिसंग्रहालयांत वाटले गेले. घरावर संकट आले असता बियाण्याची एक पिशवी दुसऱ्या गावी ठेवावी, तसाच हा विचार होता. शास्त्रात ह्यास संरक्षणार्थ प्रजनन म्हणतात.

परंतु बियाणे कोठीत टिकते, बेडूक तसा टिकत नाही. ह्या जिवाला किती उजेड लागतो, कोणते किडे मानवतात, हवेत ओलावा किती असावा, ह्यांपैकी फारसे काही कोणास ठाऊक नव्हते. अंगात असलेले परोपजीवी कृमी बंदिवासात बळावले. अपुऱ्या पोषणाने पिले मरू लागली. एकामागून एक प्राणिसंग्रहालयांतील बेडूक संपले. २००४ च्या सुमारास सर्व मिळून शंभराच्या आतच उरले, आणि तेही ब्रॉन्क्स व ओहायो राज्यातील टोलेडो ह्या दोन ठिकाणी. रक्षणासाठी नेलेले बेडूक रक्षकांच्या हातांतच मरत होते. त्या रक्षकांनी मात्र हार मानली नाही. विशिष्ट दिव्यांचा प्रकाश, बारीक किड्यांचे निरनिराळे खाद्य, ठरावीक वेळी उडणारे तुषार अशी सुधारणा करीत करीत त्यांनी हळूहळू त्या जिवाची दिनचर्या समजून घेतली.

इकडे दरीत आरंभी आशादायक चित्र होते. कृत्रिम तुषारांनी कुरणे पुन्हा हिरवी झाली आणि २००३ च्या जून महिन्यात बेडकांची संख्या अंदाजे वीस हजारांवर गेली. मग अवघ्या काही महिन्यांत सर्व कोसळले. २००४ च्या जानेवारीत शोधणाऱ्यांना तीन बेडूक दिसले आणि दोन नरांचे आवाज ऐकू आले. मृत बेडकांत एका सूक्ष्म बुरशीचा संसर्ग आढळला. ही बुरशी बेडकाच्या त्वचेत वाढते. त्वचेतून होणारी क्षारांची देवघेव बिघडते आणि अखेर हृदय बंद पडते. १९९० नंतरच्या दशकात शास्त्रज्ञांनी ती ओळखली. २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या एका जागतिक अभ्यासाने ५०१ उभयचर जातींच्या ऱ्हासाशी तिचा संबंध जोडला. त्यांपैकी ९० जाती नामशेष झाल्या असाव्यात, असाही त्यात निष्कर्ष आहे. किहान्सीत ही बुरशी एकटीच कारणीभूत होती, की पाणी तोडल्याने आधीच दुबळा झालेला जीव तिला बळी पडला, ह्याविषयी मतभेद आहेत. निकाल मात्र एकच झाला. २००९ साली आंतरराष्ट्रीय निसर्ग संरक्षण संघाने तुषार-मंडूक वन्यस्थितीतून नष्ट झाल्याचे जाहीर केले. जगातील त्याचे सर्व वंशज आता अमेरिकेतील काचेच्या पेट्यांत होते.

येथून ह्या इतिहासाचा दुसरा भाग सुरू होतो. दोन्ही प्राणिसंग्रहालयांतील संख्या शंभरावरून काही हजारांवर गेली. २०१० च्या ऑगस्टमध्ये शंभर बेडूक विमानाने दार-एस-सलाम येथे परत आले. तेथील विद्यापीठात त्यांच्यासाठी खास संगोपनगृह बांधले होते, आणि ते सांभाळण्याचे शिक्षण टांझानियातील कर्मचाऱ्यांनी घेतले होते. घाईने दरीत सोडण्याची चूक केली गेली नाही. दरीतील माती, वनस्पती आणि तेथील दुसरे बेडूक ह्यांच्या सहवासात काही बेडकांना प्रथम ठेवून पाहण्यात आले. ते तगतात अशी खात्री झाल्यावरच पुढचे पाऊल पडले. २०१२ साली दोन हजारांहून अधिक तुषार-मंडूक किहान्सीच्या कुरणांवर सोडण्यात आले. वन्यस्थितीतून नष्ट म्हणून जाहीर झालेला उभयचर प्राणी आपल्या मूळ स्थानी परत येण्याची जगातील ही पहिलीच घटना मानली जाते.

तथापि ह्या यशाने हुरळून जाऊ नये, अशी आमची नम्र सूचना आहे. २०१२ नंतरही वर्षानुवर्षे बेडकांच्या नव्या तुकड्या सोडाव्या लागल्या. बुरशी दरीतून गेलेली नाही आणि नदीही पूर्वीची राहिलेली नाही.

शिवाय बंदिवासाची वाट स्वतःही निर्धोक नसते. भूमध्य समुद्रातील मायोर्का बेटावरील एका बेडकाचा इतिहास ह्याची साक्ष देतो. हा बेडूक १९७७ साली केवळ जीवाश्मांवरून ज्ञात झाला होता. तो नष्ट झाला असे समजले जात असतानाच बेटावरील डोंगरदऱ्यांत जिवंत सापडला. १९८५ पासून जर्सी बेटावरील प्राणिसंग्रहालयात त्याचे संगोपन झाले आणि १९८९ पासून त्याची पिले मायोर्कात परत सोडली जाऊ लागली. वस्त्या वाढल्या, सर्वांनी समाधान मानले. पुढे २००८ साली उघड झाले, की संगोपनकाळात दुसऱ्या देशातील बेडकांच्या सान्निध्याने ती मारक बुरशी ह्या पिलांत शिरली होती आणि त्यांच्याबरोबरच बेटावर पोहोचली होती. डबकी उपसून, बेडकांच्या पिलांना औषध देऊन आणि खडक निर्जंतुक करून काही ठिकाणची बुरशी काढून टाकल्याचे २०१५ साली प्रसिद्ध झाले. ज्या हातांनी तारले त्याच हातांनी रोग नेला होता. ही गोष्ट शास्त्रज्ञांनी लपविली नाही, हे त्यांचे मोठेपण होय. दरीत सोडण्यापूर्वी किहान्सीच्या बेडकांची इतकी पारख का केली गेली, हे ह्यावरून कळून येईल.

आपल्या देवस्थानांच्या जुन्या कागदपत्रांत नंदादीपाच्या व्यवस्था आढळतात. दिवा लावणारा एका दिवसात लावून जातो. पण तेलासाठी जमीन नेमून द्यावी लागते, तिचे उत्पन्न पाहणारा माणूस ठेवावा लागतो, आणि तो गेल्यावर त्याच्या जागी दुसरा येईल अशी सोय करावी लागते. जाणते पूर्वज दिव्यापेक्षा ह्या तरतुदीची काळजी अधिक वाहत. किहान्सीचे तुषार ह्याच जातीचे आहेत. पूर्वी नदी जे काम विनामूल्य करीत होती ते आता नळ आणि तोट्या करतात. नळ फुटले तर दुरुस्त करावे लागतात, तोट्या तुंबल्या तर साफ कराव्या लागतात, संगोपनगृहातील किड्यांना रोज खाद्य द्यावे लागते. हे एका वर्षाचे वा एका पिढीचे काम नव्हे. निसर्गाकडून काढून घेतलेली जबाबदारी माणसाने एकदा शिरावर घेतली, की ती खाली ठेवता येत नाही. पुनःस्थापना झाली म्हणजे इतिहास संपला असे नव्हे. तेव्हा केवळ तेलाच्या हिशेबाचे पहिले पान लिहिले जाते.

ह्यावर कोणी विचारील, की मग हा सारा खटाटोप व्यर्थ म्हणावा काय? आम्हांस तसे वाटत नाही. ते ४९९ बेडूक २००० साली उचलले नसते, तर आज तुषार-मंडूक हे केवळ एका शास्त्रीय निबंधातील नाव उरले असते. पण ज्या उपायाला हा मार्ग म्हणतात, तो अखेरचा उपाय आहे. पहिला उपाय जागा राखणे हाच. २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या जागतिक पाहणीनुसार उभयचरांच्या दर शंभर जातींपैकी सुमारे ४१ संकटात आहेत. तेवढ्यांसाठी काचेच्या पेट्या कोण पुरविणार?

आमच्या बहुतेक वाचकांना आंबोली घाट परिचित आहे. गोवा, बेळगाव आणि सावंतवाडी ह्यांच्या मधोमध असलेल्या ह्या पठारावर, जांभ्या दगडाच्या कातळांवर, एक छोटा पट्टेदार बेडूक राहतो. २००९ साली शास्त्राने त्यास स्वतंत्र जाती म्हणून ओळखले. आंबोली व आसपासचा थोडा टापू एवढेच त्याचे जग, आणि तो अतिसंकटग्रस्त गणला जातो. पहिल्या पावसात कातळावर साचणाऱ्या उथळ डबक्यांत त्याची वीण होते. त्यास अद्याप विमान, पेटी वा तोटी ह्यांची गरज पडलेली नाही, कारण त्याची विहीर अजून जागेवर आहे.

त्याच आंबोलीत हिरण्यकेशी नदीच्या उगमाशी महादेवाचे मंदिर आणि कुंड आहे. २०२० साली त्या कुंडात माशाची एक नवी जाती नोंदली गेली, तिला नदीचेच नाव मिळाले, आणि २०२१ साली महाराष्ट्र शासनाने ते स्थान जैवविविधता वारसास्थळ म्हणून जाहीर केले. ह्या माशासाठी कोणी आंदोलन केले नव्हते. कुंडाचे पावित्र्य राखले गेले, पाणी नासू दिले नाही, म्हणून मासा राहिला.

आज ठिकठिकाणी देवळांच्या तळ्यांचा जीर्णोद्धार होत आहे, आणि ते योग्यच आहे. परंतु तळ्याच्या चारी बाजू सिमेंटने लिंपून टाकण्यापूर्वी, पाणी स्वच्छ दिसावे म्हणून त्यात औषधे ओतण्यापूर्वी, दगडी पायऱ्यांच्या फटींत आणि काठच्या ओल्या गवतात कोण राहते ह्याची चौकशी देवस्थान समित्यांनी करावी, अशी आमची विनंती आहे. एक बाजू मातीची ठेवली, एक कोपरा झाडाच्या सावलीत राहू दिला, तर खर्च वाढत नाही. किहान्सीत दोन हेक्टर ओलावा पुन्हा निर्माण करण्यासाठी काय काय करावे लागले, ते वर सांगितलेच आहे. पावसाळा तोंडावर आला, की तळ्याकाठी जो आवाज उठतो, तो अजून फुकट ऐकू येतो.