विम्याचा एजंट : कालचा आणि आजचा



आमचें चिंचपाडा गांव नंदुरबार जिल्ह्याच्या नवापूर तालुक्यांत, सुरतेहून भुसावळकडे जाणाऱ्या ताप्ती खोऱ्यांतील रेल्वेवर आहे. येथें दुखण्याचा विषय निघाला कीं पूर्वीं दोनच नांवें निघत : एक गांवांत १९४२ पासून असलेल्या मिशनच्या रुग्णालयाचें, आणि दुसरें सुरतेचें. अलीकडे त्यांत विम्याच्या एजंटाचें तिसरें नांव मिळालें आहे. साठी उलटलेल्या माणसाच्या ओटीवर तो हटकून येऊन बसतो. हा गृहस्थ मूळचा कोण, आणि त्याच्याकडून आपण काय अपेक्षा धरावी, हें थोडें मागें जाऊन पाहण्याचा आज माझा विचार आहे.

आपल्याकडे आयुर्विम्याचा धंदा प्रथम परकीयांच्या हातीं होता. हिंदी माणसाचें आयुष्य जात्याच अधिक जोखमीचें, असें धरून त्याच्याकडून जादा हप्ता घेण्याची त्यांची रीत होती. ही रीत मोडून हिंदी माणसाचा विमा साध्या दरानें उतरविण्याचें काम १८७० च्या सुमारास मुंबईच्या 'बॉम्बे म्युच्युअल'नें केलें. १८७४ सालीं 'ओरिएंटल' निघाली. पुढें स्वदेशीच्या चळवळीनें जोर धरला, आणि १९१३ सालीं अण्णासाहेब चिरमुले यांनीं 'वेस्टर्न इंडिया' ही विमा कंपनी थेट साताऱ्यास काढली. साताऱ्यासारख्या गांवीं विमा कंपनी निघावी, ही गोष्ट त्या काळीं लहान नव्हती. परंतु कंपनी एका गांवीं आणि गिऱ्हाईक शंभर गांवीं, असा हा व्यवहार. मधलें अंतर तोडावयास एक माणूस लागे, आणि तो असा लागे कीं ज्याच्या शब्दाला त्याच्या गांवांत वजन आहे. लोक कंपनीवर विश्वास ठेवीत नसत. ते त्या माणसावर ठेवीत, आणि त्याच्यामागून कंपनीवर.

या विश्वासाला कायद्याचें कुंपण पडलें तें १९३८ च्या विमा कायद्यानें. एजंटाला परवाना आवश्यक झाला. आयुर्विम्यांतील त्याचें कमिशन पहिल्या वर्षाच्या हप्त्यावर शेंकडा ४० आणि पुढील हप्त्यांवर शेंकडा ५, यापेक्षां अधिक असूं नये, असें ठरलें. आपल्या कमिशनांतला वांटा गिऱ्हाइकास देऊन त्याला भुलविणें हा गुन्हा ठरला. हें शेवटचें कलम पुष्कळांना विचित्र वाटतें : स्वस्त मिळालें तर बिघडलें काय? मला तें अत्यंत शहाणपणाचें वाटतें. ज्यानें आपली मजुरी आधींच वांटून टाकली, त्याला पुढें आपल्या दारीं येण्याचें कारण उरत नाहीं. त्याच कायद्यांत आणखी एक कलम होतें. दोन वर्षें लोटल्यावर, अर्जांत लबाडीनें महत्त्वाची खोटी माहिती दिल्याचें सिद्ध केल्याखेरीज, कंपनीला पॉलिसीबद्दल वाद काढतां येऊं नये. अर्जांत काय लिहिलें आहे, हा प्रश्न किती जुना आहे हें यावरून दिसेल.

ता. १९ जानेवारी १९५६ रोजीं अर्थमंत्री चिंतामणराव देशमुख यांनीं आकाशवाणीवरूनच देशाला सांगितलें कीं आयुर्विम्याचा धंदा सरकारनें आपल्या हातीं घेतला आहे. १ सप्टेंबर १९५६ ला आयुर्विमा महामंडळ उभें राहिलें आणि देशी-परदेशी मिळून २४५ संस्था त्यांत विलीन झाल्या. साताऱ्याची कंपनीही गेली. एजंट मात्र होता तेथेंच राहिला.

येथवर जें सांगितलें तें सारें मरणाच्या विम्याविषयीं. त्यांत एजंटाची परीक्षा आयुष्यांत एकदांच व्हावयाची, आणि तीही माणूस गेल्यावर. मृत्यूचा दाखला दिला कीं बहुतेक काम संपलें. १९८६ सालीं सरकारी सामान्य विमा कंपन्यांनीं 'मेडिक्लेम' आणला, आणि प्रश्नाचें रूपच पालटलें. आतां कंपनी विचारूं लागली : दुखणें केव्हांपासून आहे? अर्ज भरतांना होतें कीं नव्हतें? औषध कोणतें चालू होतें? परीक्षा दरसाल, आणि ती गिऱ्हाईक जिवंत असतांना, अंथरुणावर असतांना. एजंटाची संवय मात्र जुनीच राहिली : "तुम्ही येथें सही करा, बाकी मी भरतों."

हें मी ऐकीव सांगत नाहीं. २०१९ सालीं आम्हां उभयतांचा विमा माझ्याच एका जुन्या विद्यार्थ्यानें उतरविला. पत्नीस रक्तदाबाची गोळी चालू होती. तो प्रश्न आला तेव्हां लेखणी थांबवून तो म्हणाला, "गुरुजी, 'होय' लिहिलें तर हप्ता वाढेल, कदाचित् अर्जही परत येईल." मी कांहींच बोललों नाहीं. त्यानें 'नाहीं' लिहिलें. २०२२ सालीं तिला अर्धांगाचा सौम्य झटका आला. सुरतेच्या एका रुग्णालयांत नऊ दिवस काढले. कंपनीनें जुन्या औषधाची चिठ्ठी शोधून काढली, मागणी नाकारली आणि पॉलिसीही रद्द केली. एक लाख ऐंशी हजार रुपये माझ्या निवृत्तीच्या पैशांतून गेले. त्या मुलावर मी रागावूं शकलों नाहीं. चूक झाली त्या वेळीं त्या खोलींत मास्तर मीच होतों. स्टेशनवर तो अजून भेटतो. वांकून नमस्कार करतो आणि दुसऱ्या डब्याकडे जातो.

कायद्याच्या दृष्टीनें एजंट हा कंपनीचा माणूस आहे. गिऱ्हाइकाच्या बाजूनें उभा राहणारा ब्रोकर निराळा. त्याचे नियम २००२ सालीं झाले. पण अर्जावर सही आपली असते, आणि कागद सही करणाऱ्यालाच बांधतो. आमच्याकडे अडचण दुप्पट आहे. घरांत मावची किंवा कोकणी, बाजारांत गुजराती व मराठी, आणि अर्ज बहुधा इंग्रजींत. तेव्हां येथला एजंट हा प्रथम दुभाषी असावा लागतो. टेलिफोनवरून स्वस्त विमा विकणारे पुष्कळ आहेत. परंतु रात्रीं दोन वाजतां रोगी गाडींत घालून न्यावयाचा, आणि रोख न भरतां दाखल करून घेण्यासाठीं कागद पाठवावयाचे, तेव्हां त्या आवाजाचा काय उपयोग?

म्हणून यंदा पुन्हां एजंट निवडतांना मीं हप्त्याचा आंकडा शेवटीं विचारला. आधीं विचारलें, "गेल्या वर्षांत कोणाची मागणी तुम्हीं पार पाडली? त्या घरीं मला न्या." दोघे तेथेंच गळाले. एक जण आल्याबरोबर म्हणाला, "वार्षिक कमिशनांतून तुम्हांला कांहीं परत देतों." त्याला चहा देऊन निरोप दिला. शेवटीं नवापूरच्या एका बाईंकडे काम दिलें. त्यांनीं पहिल्यानें वयें विचारलीं. मी ६६, पत्नी ६३. त्या म्हणाल्या, "सत्तर झालीं असतीं तर केंद्र सरकारची पांच लाखांची योजना २९ ऑक्टोबर २०२४ पासून आहेच, तिला एजंट लागत नाहीं आणि पैसेही लागत नाहींत. तुमच्या शेजारच्या आजीबाईंचें कार्ड आधीं काढून घ्या." स्वतःचें गिऱ्हाईक आपण होऊन कमी करणारा एजंट मीं प्रथमच पाहिला.

मग दीड तास त्या अर्ज वाचीत बसल्या. रक्तदाब, झटका, मागील नकार, माझा मधुमेह : चार ठिकाणीं 'होय' लिहिलें. १ एप्रिल २०२४ पासून जुन्या दुखण्यासाठीं थांबण्याची मुदत चारऐवजीं जास्तींत जास्त तीन वर्षें झाली, आणि पांच वर्षें खंड न पडतां हप्ते भरल्यास लबाडी सिद्ध झाल्याखेरीज कंपनीला माहिती लपविल्याचें कारण काढतां येत नाहीं, हें त्यांनीं समजावून दिलें. पूर्वीं ही मुदत आठ वर्षांची होती. खोलीच्या भाड्याची मर्यादा, बिलांतील आपला वांटा, नंदुरबार आणि सुरतेच्या कोणत्या रुग्णालयांत रोख भरावी लागत नाहीं, हें त्यांनीं कागदावर लिहून दिलें. पॉलिसी हातीं आल्यापासून तीस दिवसांत न पटल्यास परत करतां येते, हेंही सांगितलें. हप्ता मागल्यापेक्षां बराच जास्त निघाला. २२ सप्टेंबर २०२५ पासून अशा वैयक्तिक विम्यावरील जी. एस. टी. माफ झाला म्हणून थोडा भार हलका झाला, इतकेंच.

माझा अर्ज कंपनीनें स्वीकारला. पत्नीची वैद्यकीय तपासणी झाली आहे, उत्तर अजून आलेलें नाहीं. बाई दर आठवड्यास चौकशी करतात. मागच्या सोमवारीं त्या स्वतः येऊन तिच्या जुन्या औषधांच्या चिठ्ठ्यांच्या नकला घेऊन गेल्या.