पाडव्याआधी मोडलेला हात

फाल्गुन लागला की रेणापूर तालुक्यातल्या गावांत पारावर आणि हॉटेलात एकच विषय निघतो : यंदा कोण कुणाकडं साल धरणार? सालगड्याचा करार पाडव्यापासून पाडव्यापर्यंत. कागद बहुधा नसतोच, मालकाची वही असते. वर्षातला तेवढा एक दिवस गड्याच्या हातात असतो. त्या दिवशी तो मालकाला 'नाही' म्हणू शकतो.

पण पाडव्याला पंधरा दिवस असताना मळणी यंत्रात हात गेला तर? असा एक माणूस आम्ही जवळून पाहिला आहे. दवाखान्याचा खर्च मालकानं केला आणि तो उचलीत मांडला. साल संपलं, बाकी मात्र संपली नाही. मालकानं नवा गडी धरला आणि जुन्याची बाकी फेडायला त्याचा सोळा वर्षांचा मुलगा त्याच शेतावर राहिला. गावाला यात काही वावगं वाटलं नाही. "दवाखाना केला की त्यांनी," एवढंच लोक म्हणाले.

हे पुन्हा आठवलं ते आमच्या अभ्यासिकेतल्या पोरांमुळं. ती मोबाईलवर अमेरिकेतल्या बास्केटबॉलच्या चित्रफिती पाहत होती. त्यात केविन ड्युरँट होता. १० जून २०१९ ला, अंतिम मालिकेच्या पाचव्या सामन्यात, त्याची टाचेमागची जाड शीर तुटली. संघाशी असलेला करार त्याच महिन्यात संपवून मोकळं होण्याची मुभा त्याला होती. पुढचं अख्खं वर्ष तो खेळणार नाही हे सगळ्यांना दिसत होतं. तरी ब्रुकलिनच्या संघानं त्याला चार वर्षांसाठी सुमारे १६ कोटी ४० लाख डॉलर कबूल केले. पोरं म्हणाली, "दादा, मोडक्या पायाला एवढे पैसे?"

प्रश्न बरोबर होता. पण सगळ्याच मोडक्या पायांना एवढे पैसे मिळत नाहीत. डीमार्कस कझिन्सची तीच शीर जानेवारी २०१८ मध्ये तुटली, करार संपायला काही महिने उरले असताना. त्याला मिळाला एक वर्षाचा, सुमारे ५३ लाख डॉलरचा करार. आयझेया थॉमस तर दुखावलेल्या खुब्यानिशी बॉस्टनसाठी खेळत राहिला. २०१७ च्या ऑगस्टमध्ये, करारात एक वर्ष उरलेलं असताना, बॉस्टननं त्याला दुसऱ्या संघाकडं धाडलं. पुढच्या वर्षी त्याला किमान वेतनावर सही करावी लागली. संघाचं प्रेम आणि संघाचा हिशोब या दोन वेगळ्या वह्या असतात, हे त्या पोराला फार महागात कळलं. तिघेही कृष्णवर्णीय.

तरीही फरक आहे, आणि इथं इतिहास पाहावा लागतो. कझिन्सची दुखापत कुणी त्याच्या नावावर उधारी म्हणून मांडली नाही. चालू कराराचा पैसा घरी बसूनही त्याला मिळाला. हे मालकांच्या दयेनं झालेलं नाही. पूर्वी तिथं करार संपला तरी खेळाडूवरचा संघाचा हक्क संपत नसे. संघ सोडेल तेव्हाच सुटका. खेळाडूंची संघटना १९५४ ला उभी राहिली. जानेवारी १९६४ मध्ये बॉस्टनला दूरचित्रवाणीवरून दाखवल्या जाणाऱ्या मोठ्या सामन्याआधी खेळाडू खोलीत अडून बसले : निवृत्तिवेतनाचं वचन द्या, मगच मैदानात येतो. वचन मिळालं. पुढं ऑस्कर रॉबर्टसन हा कृष्णवर्णीय खेळाडू संघटनेचा अध्यक्ष झाला. १९७० मध्ये त्याच्या नावानं खटला दाखल झाला, तो १९७६ मध्ये तडजोडीनं मिटला, आणि करार संपल्यावर दुसरीकडं जाण्याची वाट उघडली. ड्युरँटचा मोडका पाय या वाटेवरून ब्रुकलिनला गेला.

करार संपला तरी हक्क न संपण्याची ही व्यवस्था आपल्याला नवी वाटायचं कारण नाही. आपल्याकडं तिला वतन म्हणत. १९ मार्च १९२८ ला बाबासाहेबांनी मुंबई विधिमंडळात १८७४ च्या वतन कायद्यात दुरुस्ती सुचवणारं विधेयक मांडलं. वतनदार महार रात्रंदिवस सरकारच्या आणि गावाच्या हुकमात, आणि तो हजर नसेल तर बाप किंवा घरातलं दुसरं कुणी कामाला जुंपायचं, हे त्यांनी तिथं उघडं केलं. आपला भाग तेव्हा निजामाच्या राज्यात. कायदा वेगळा होता, गावकीची कामं तीच होती. आता वरचा सोळा वर्षांचा मुलगा पुन्हा आठवा.

दहा वर्षांनी, १९३८ मध्ये, औद्योगिक कलहाच्या विधेयकावर बोलताना बाबासाहेब आणखी पुढं गेले. काम सोडणं हा फार तर कराराचा भंग, दिवाणी बाब. त्याला फौजदारी गुन्हा ठरवणं म्हणजे माणसाला त्याच्या मर्जीविरुद्ध राबवणं, म्हणजेच गुलाम करणं, असा त्यांचा युक्तिवाद होता. ७ नोव्हेंबरला मुंबईत त्या विधेयकाविरुद्ध संप झाला. आमच्या मते खेळाडूच्या मोकळीकीचा अख्खा वाद या युक्तिवादात आधीच येऊन गेला आहे. आपली मंडळी हे भाषण जयंतीच्या व्याख्यानांत फार कमी घेतात, ही आमची जुनी तक्रार.

दुखापतीचं काय? कामगार नुकसानभरपाईचा कायदा १९२३ चा. त्याच्या मूळ यादीत शेतमजूर नव्हता. मजूरमंत्री असताना बाबासाहेबांच्या खात्यानं १९४३ मध्ये प्रा. अडारकरांना कामगारांच्या आरोग्य विम्याची योजना आखायला सांगितलं. त्यातून १९४८ चा राज्य विमा कायदा आला. तो कारखान्याच्या दारापर्यंत आला, बांधापर्यंत नाही. उसाच्या फडात तर आणखी अवघड. तिथं नवरा-बायको मिळून एक कोयता, करार मुकादमाशी, उचल आधीच खर्च झालेली, आणि आजारपणाच्या दिवसाला खाडा. २०१९ मध्ये बीड जिल्ह्यातल्या सरकारी पाहणीत ८२,३०९ ऊसतोड महिलांपैकी १३,८६१ जणींची गर्भाशयं काढलेली आढळली. खाडा पडू नये हेही त्यामागचं एक कारण म्हणून पुढं आलं. ऊसतोड कामगारांचे नेते म्हणून ओळखले जाणारे गोपीनाथ मुंडे याच रेणापूर मतदारसंघातून अनेकदा आमदार झाले. त्यांच्या नावाचं महामंडळही झालं. मुकादमाची वही अजून तशीच आहे.

कुणी म्हणेल, कोट्यधीश खेळाडू आणि सालगडी यांची तुलनाच चूक. पैशांची तुलना चूकच आहे. आम्ही ती करत नाही. आम्ही विचारतो ते इतकंच : काम करताना मोडलेल्या शरीराचा खर्च कुणाच्या वहीत जातो, आणि करार संपल्यावर माणूस सुटतो की नाही?

रॉबर्टसनचा खटला मिटला त्याच १९७६ साली आपल्याकडं वेठबिगार निर्मूलन कायदा आला. उचलीपोटी माणूस किंवा त्याच्या घरातलं कुणी बांधून ठेवलं असेल तर ती उचलच या कायद्यानं रद्द होते. फेडायची बाकी राहत नाही. जिल्हा आणि उपविभाग पातळीवर दक्षता समित्या असाव्यात असंही त्यात लिहिलं आहे. आमच्या ओळखीच्या त्या घरी हे सांगितलं तेव्हा बाप बराच वेळ गप्प बसला. मग म्हणाला, "पण वहीत तर लिहिलंय."

पाडव्याच्या आत तहसीलला अर्ज द्यायचा आहे. मुलाचं आधार कार्ड मिळालं, दवाखान्याची पावती शोधतो आहोत. ती मालकाकडं आहे.